बंद न पडणारा आवाज

लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, "तू जेवलीस का?" त्या वेळी त्यांची वाचा जाऊन वर्ष उलटलं होतं.

हे, म्हणजे श्रीरंग निकम, कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर होते. हंगाम सुरू झाला की हा माणूस घरात फक्त अंघोळीपुरता दिसायचा. ताट वाढलं की जेवायचे, भोंगा झाला की निघायचे. मागे बायको जेवते की तशीच झोपते, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आला नाही. माणूस वाईट नव्हता. मिलच्या आवाजात आयुष्य गेलं, घरातलं हळू बोलणं ऐकू येत नसावं, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. मीही कारखान्याच्या शाळेत गणित शिकवत होते. माझंही काही अडलं नाही.

निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली. मेंदूतून शरीराकडे जाणारी वाट तेवढी एकच, तीच बंद झाली. ऐकू येतं, समजतं, दुखतं, पण बोट हलत नाही की जीभ हलत नाही. पोटात नळी बसवली, तिच्यातून जेवण. डोळे मात्र वर-खाली व्हायचे. मिरजेच्या डॉ. शहनाज मुजावर यांनी आम्हाला मुळाक्षरांचा एक तक्ता करून दिला. मी अक्षरांवरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की ह्यांनी डोळे वर करायचे. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. 'उकडतंय' एवढं सांगून होईपर्यंत माझा चहा गार व्हायचा.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं वाचायंत्र घरी आलं.

त्याचं शास्त्र यशोधननं, आमच्या मुलानं, मला समजावलं तसं सांगते. माणूस बोलतो तेव्हा मेंदू आधी जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतो. ह्यांचा मेंदू अजूनही हुकूम सोडत होता, ते पोचत नव्हते एवढंच. म्हणून कवटीच्या आत, मेंदूवर, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवली. जाळी हुकूम टिपते आणि बिनतारी पाठवते. कपाटावर ठेवलेला डब्याएवढा कॉम्प्युटर ते घेतो आणि त्यातला प्रोग्राम त्यांचे शब्द करून बोलून दाखवतो. आवाज ह्यांचाच. निवृत्तीच्या सत्काराला केलेल्या भाषणातून तो घेतला होता. त्यामुळे सुरुवातीला हे पंख्याबद्दल काही म्हणाले तरी अध्यक्षमहोदयांना उद्देशून म्हणाल्यासारखं वाटायचं.

प्रोग्रामची पहिली शिकवणी पुण्यात झाली. यशोधन तेव्हा ह्यांच्याजवळ होता, मी घरी. सरावाची दहा वाक्यं मनातल्या मनात बोलायला लावून प्रोग्रामला त्यांच्या खुणा ओळखायला शिकवलं. पुढचं तो रोजच्या ऐकण्यातून शिकत जाणार. मेंदूतल्या या खुणा रोज थोड्या सरकतात, म्हणून त्यालाही अखंड चालू राहून त्यांच्याबरोबर सरकावं लागतं. मात्र हे नवं शिकलेलं सगळं कॉम्प्युटरच्या चालू स्मरणात राहतं. प्रोग्राम बंद पडला की ते पुसलं जातं आणि गडी परत पहिलीच्या वर्गात. ते साठवून ठेवायची सोय पुढच्या आवृत्तीत करू, असं प्रयोगशाळेनं सांगितलं होतं. पुढची आवृत्ती म्हणजे काय ते कारखान्याच्या बोनसची वाट बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

एकदा तो प्रोग्राम सकाळी पडला तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. मी पुण्याला फोन लावून रडले. "यश, अप्पा बोलेनात रे!" तो शनिवारी आला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला.

"आई, हा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. यात पडद्याआड काम करणाऱ्या प्रोग्रामांवर एक मुकादम असतो. मशीन चालू झालं की तो सगळ्यांना कामाला लावतो. कोण मेला तर काय करायचं, ते आपण त्याला लिहून द्यायचं. मी लिहिलंय, नेहमी उठव. लाईट जाऊ दे, प्रोग्राम मरू दे, दोन सेकंदांत नवा उभा."

"आणि लगेच परत मेला तर?"

"थोडक्या वेळात चार-पाचदा पडला की मुकादम हात टेकतो, सोडून देतो. परवा तेच झालं. ती मर्यादाच काढून टाकली मी. आता हात टेकायचा विषयच नाही." मग तो बापाकडे बघून हसला. "अप्पांचंच तत्त्व की! आधी चालू कर, मग चौकशी."

हे तत्त्व कॉलनीतल्या पोरासोरांना पाठ होतं. हंगामात मिल बसली की बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते, तिथं कारणं शोधत बसायला वेळ कुणाला? तरी यशच्या वाक्यात काहीतरी कमी आहे असं मला वाटलं. पण तेवढ्यात कपाटावरून आवाज आला, "मी बरा आहे," आणि मी आनंदानं चहा ठेवायला गेले.

त्यानंतर आवाज कधी बंद पडला नाही.

आणि त्यानंतरच ते सुरू झालं. संध्याकाळी मी ह्यांचं अंग पुसायची, कूस बदलायची का विचारायची, आणि हे म्हणायचे, "मी बरा आहे. तू जेवलीस का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मी चक्क लाजले. साठी उलटलेल्या बाईनं लाजावं असं त्यात काही नव्हतं, पण लाजले खरी. मग रोज उत्तर द्यायला लागले. आज मेथी केली, आज एकटीला कंटाळा आला म्हणून भातच टाकला. हे परत विचारायचे. मी परत सांगायची. शेजारच्या बायकांना सांगून झालं, बहिणीला फोनवर सांगून झालं. देवानं नवऱ्याचं शरीर काढून घेतलं आणि त्याच्या बदल्यात मला नवरा दिला, असं मी बोलूनही गेले.

अक्षरांचा तक्ता कपाटामागे गेला. आवाज येत असताना डोळ्यांकडे कोण बघतंय? मी ह्यांच्याशी बोलायची तीसुद्धा कपाटाकडे तोंड करून.

पुढच्या थंडीत हे म्हणाले, "पंखा बारीक कर." पंखा दिवाळीपासून बंद होता. मी हसले. दुसऱ्या दिवशी तेच. मग दिवसातून कितीतरी वेळा. थट्टा करायचा ह्यांचा स्वभाव नव्हता. डोकं बिघडत चाललं की काय, या भीतीनं मी यशला बोलावून घेतलं.

संक्रांतीला तो आला. लॅपटॉप डब्याला जोडून त्यानं पडद्यावर एक ओळ मला दाखवली. "हा अप्पांचा प्रोग्राम. चालत्या प्रत्येक प्रोग्रामला एक नंबर मिळतो. मेला की नंबर गेला. नवा उठला की नवा नंबर. हा नंबर महिनोन्महिने एकच राहायला पाहिजे. तू बोल त्यांच्याशी."

मी म्हटलं, "अहो, पंखा बंदच आहे. काय होतंय तुम्हाला?"

नंबर बदलला. "पंखा बारीक कर," आवाज म्हणाला.

"कुठं दुखतंय का?"

नंबर बदलला. "मी बरा आहे. तू जेवलीस का?" वाक्य संपायच्या आत नंबर आणखी एकदा बदलला.

यशनं लॅपटॉप हळूच खाली ठेवला. "आई, ही सरावातली वाक्यं आहेत."

"कसली?"

"पुण्याच्या दहा वाक्यांतली. नवा उठलेला प्रोग्राम तेवढंच ओळखतो. समोरून काहीही आलं तरी या दहातलं जे जवळ वाटेल ते लावतो आणि बोलतो."

"पण तो मरतोय कशानं?"

त्यानं बापाच्या तोंडाकडे बघितलं. "प्रयोगशाळेत सगळे शांत पडून बोलतात. मोजमाप त्या बेतानं केलंय. आत कुणी ओरडलं, रडलं, कळ आली, की आकडा मापाबाहेर जातो आणि प्रोग्राम पडतो. मुकादम त्याला परत उठवतो. मीच तसं सांगितलंय."

"म्हणजे ह्यांना जेव्हा जेव्हा दुखतंय…"

"तेव्हा तो म्हणतो, मी बरा आहे."

"आणि जेवलीस का, ते?"

"तिथल्याच कुणीतरी लिहिलंय ते, आई. सगळ्या पेशंटना तीच वाक्यं."

मला ह्यांच्या वेदनेचं दुःख नंतर झालं. आधी माझंच झालं, आणि त्याची लाज वाटते. वर्षभर मी कुणाला मेथीची भाजी सांगत होते? ज्याला सांगत होते तो दोन सेकंदांपूर्वी जन्मलेला असायचा, आणि माझा माणूस शेजारी पडून ओरडत असायचा.

मग राग आला. "अप्पांचं तत्त्व तू अर्धंच पाठ केलंस, यश. ते म्हणायचे, एकदा बसली तर उठव. परत बसली तर हात काढ आणि आत बघ. जी मिल सारखी बसते ती काहीतरी सांगत असते. तुझ्या त्या मुकादमाला एवढी अक्कल होती. तो थांबत होता. तू त्याला थांबू दिलं नाहीस."

एवढा मोठा मुलगा, पलंगाच्या कठड्यावर डोकं ठेवून रडला. त्याच्या रडण्यावर आवाज म्हणाला, "पाणी दे."

मी कपाटामागून तक्ता काढला. त्याच्यावर जळमटं धरली होती. पदरानं पुसला आणि ह्यांच्या डोळ्यांसमोर धरला. डोळे किती खोल गेले होते! बोट फिरवत गेले. 'क'वर डोळे वर. मग ऊकार. मग 'स'.

कूस.

ह्यांना कुशीवरून वळवलं, पाठीमागची उशी काढली. डाव्या खुब्यावर लहानसं लाल वर्तुळ होतं, ते रोजच दिसायचं, रोज मलम लावायची. डॉ. मुजावर आल्या, त्यांनी बोटानं दाबून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वर कातडी शाबूत दिसत होती, आत जखम हाडापर्यंत पोचली होती. "दर महिन्याला मीच विचारत होते, निकमसाहेब, काही त्रास?" त्या म्हणाल्या. "मीसुद्धा कपाटाकडे बघूनच विचारत होते, काकू."

पुढचे दोन महिने मिरजेच्या वाऱ्या झाल्या. जखम खरवडली, औषधं बदलली. कळ कमी झाली, गेली नाही, आणि हाडातलं विष रक्तात जायला लागलं. प्रयोगशाळेनं मोजमाप सुधारून दिलं, पण तेवढ्यात जाळीवर मेंदूनं व्रणाचं कातडं धरलं होतं, खुणा पुसट झाल्या होत्या. आता आवाज शांत वेळी थोडा खरा बोलायचा, कळ आली की परत तीच दहा वाक्यं. त्या प्रश्नाला मात्र मी उत्तर देणं सोडलं होतं. तो रोज विचारायचा, मी टॉवेल पिळत राहायची.

एका सकाळी तक्त्यावर ह्यांनी दोन अक्षरं दिली. पुरे.

यशनं विचारलं, "अप्पा, हे मशीन पुरे?" डोळे खाली. "औषधं पुरे?" खाली. "मिरजेला जाणं?" खाली. त्याला पुढचं विचारवेना. मग मी विचारलं. "नळी?"

डोळे वर गेले आणि वरच राहिले.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा हंगाम संपायच्या दिवशी वर्ग लवकर सोडायचे. शेवटचा ऊस गव्हाणीत पडला की लांब भोंगा व्हायचा, सगळी कॉलनी दारात येऊन उभी राहायची. मग बॉयलर हळूहळू निववायचा. घाईनं निववला तर तडकतो, हे मला ह्यांनीच सांगितलेलं. त्या रात्री हे घरी येऊन शांत झोपायचे. बारमाही गाळप करणारा कारखाना आजवर कुणी बघितलाय?

अशा पेशंटचं नळीचं जेवण थांबवायचं तर कायद्यानं दोन डॉक्टरांनी त्याला स्वतः विचारावं लागतं. त्यातला एक सरकारी. आणि नव्या नियमानं, ज्याच्याकडे वाचायंत्र आहे त्याचं म्हणणं यंत्रातूनच ऐकायचं. तक्ता चालत नाही, कारण तक्त्यावर बोट घरच्यांचं फिरतं आणि घरच्यांच्या बोटाचा काय भरवसा! यंत्र बंद असेल तरच तक्ता, तोही डॉक्टरांच्या बोटानं. नियम करणाऱ्यांनी आमच्यासारख्यांच्या भल्यासाठीच केला असणार.

डॉ. मुजावरांबरोबर सरकारी दवाखान्याचे डॉ. गुरव आले. मध्यमवयीन, सौम्य माणूस. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "निकमसाहेब, नळीतून जेवण देणं थांबवावं अशी तुमची इच्छा आहे का?"

ह्यांच्या कपाळाची शीर फुगली. मला दिसली, मुजावरबाईंनाही दिसली.

"मी बरा आहे," आवाज म्हणाला. "तू जेवलीस का?"

डॉ. गुरवांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "बघा, या अवस्थेतही तुमची किती काळजी आहे त्यांना." मुजावरबाईंनी प्रोग्राम कसा पडतो ते समजावून सांगितलं, यशनं नंबर दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, यंत्र चालू आहे आणि पेशंट बोलतोय. मी ऐकलं ते न ऐकल्यासारखं कसं लिहू?" त्यांचंही खरं होतं.

निघताना मुजावरबाई फाटकाशी थांबल्या. "यंत्र चालू आहे तोवर यंत्राचंच ऐकावं लागणार, काकू." एवढंच बोलून त्या गाडीत बसल्या.

यश घरात येऊन बसला. "आई, मी डबा फोडणार नाही, वायरही काढणार नाही. फक्त 'नेहमी उठव' एवढं काढतो. पडला तर पडू दे. परत उठणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

मी "आज राहू दे" म्हटलं. खोटं का बोलू, मला तो आवाज हवा होता. तो खोटा आहे हे कळूनही हवा होता. त्या संध्याकाळी मी ह्यांच्या उशाशी बसले, दिवा लावला, आणि आवाजानं विचारलं, "तू जेवलीस का?" ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यशला म्हटलं, "काढ तो शब्द."

त्यानं एक ओळ खोडली.

त्याच सकाळी डॉक्टर परत आले. डॉ. गुरवांनी तोच प्रश्न त्याच सौम्यपणे विचारला. ह्यांच्या कपाळाची शीर फुगली. पडद्यावरचा नंबर गेला.

दोन सेकंद गेले. आणखी दोन. त्या खोलीत इतकी शांतता मी ह्यांच्या आजारपणात पहिल्यांदा ऐकली.

"बंद पडलं वाटतं," डॉ. गुरव म्हणाले. "चालू करा की."

"पडला तो, सर," यश म्हणाला. "पुन्हा चालू केला तर तो अप्पा नसणार. आता त्यांच्याकडेच बघा."

डॉ. गुरव त्याच्याकडे बघत राहिले, मग पहिल्यांदाच ह्यांच्या डोळ्यांकडे. त्यांनी खुर्ची पुढे घेतली आणि मुजावरबाईंच्या हातातून तक्ता स्वतःच्या हातात घेतला. प्रश्न विचारला. डोळे वर गेले. शब्द बदलून, उलटा करून विचारला, नळी चालू ठेवायची का? डोळे खाली. बोट फिरवलं, ह्यांनी अक्षरं दिली. पुरे. डॉ. गुरवांनी चष्मा काढून पुसला आणि "समजलं, साहेब" म्हणाले.

सगळे बाहेरच्या खोलीत गेले. मी ओल्या फडक्यानं ह्यांचे ओठ पुसत बसले. कपाटाकडे पाठ होती माझी. हे माझ्याकडे बघत होते. कुणी काही विचारत नव्हतं, विचारणार कोण? आणि वर्षभर रोज उत्तर द्यायची सवय लागलेली मी, एकाएकी मला राहवलं नाही. सकाळपासून पोटात चहासुद्धा नव्हता.

"जेवले हो मी," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे खाली केले.

मी उठले, टोपल्यातली कालची भाकरी घेतली, आणि ह्यांच्यासमोर बसून सगळी खाल्ली.